निपाणीच्या काकांची ट्रंक : जुने व्हॉल्व्ह ओळखायचे आणि तपासायचे कसे?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. माझे धाकटे काका निपाणीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. एरवी दुकान, आणि जत्रा-गणपतीत मंडपाचे कर्णे आणि अ‍ॅम्प्लिफायर. ते जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या रविवारी काकूनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवून माझ्यापुढं ठेवली. "तुलाच यातलं कळतंय, तूच बघ याचं काय करायचं ते," म्हणाली.

आत एकसष्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, निघाले. काही बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्स) खोक्यांत, काही फिलिप्सच्या, बाकीचे नुसतेच कागदात गुंडाळलेले. कागद निम्मे मराठी वर्तमानपत्रांचे, निम्मे कन्नड. सहा-सात नगांवर नावच दिसत नाही. दोघांवर रशियन अक्षरं आहेत.

माझ्याकडं एका जुन्या स्टीरिओ रेडिओग्रामचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. ईझेड ८१ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), मध्ये एक ईसीसी ८३ आणि दोन बाजूंना एकेक ईएल ८४. उजवी बाजू सुंदर वाजते. डावीचा आवाज बारीक आहे, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांची तान वर चढली की फाटतो. ट्रंकेतला ईएल ८४ काढून तिथं बसवावा असं मनात आहे, पण धीर होत नाही. डिजिटल मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, व्हॉल्व्ह टेस्टर नाही.

दुसरं, एक व्यापारी ट्रंक आहे तशी उचलतो, चार हजार देतो म्हणतोय. काकूला पैशाची निकड नाही, पण तिच्या वस्तूचं रास्त मोल तिला मिळावं असं वाटतं. काय करू?

खानापूरकर

आधी एकच सांगतो, काहीही पुसू नका. ओल्या फडक्यानं नको, स्पिरिटनं तर अजिबातच नको. जुनी छपाई बोट घासलं तरी निघते. माझ्या आज्जांच्या रेडिओतले चार व्हॉल्व्ह मी हौसेनं चकचकीत केले आणि त्यातले तीन बिननावाचे झाले. तो सेट आजही बंद पडून आहे.

आणि ट्रंक विकू नका. निदान इतक्यात तरी नको.

जुना मेकॅनिक

खडेबाजाराजवळ एका दुकानात मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. तुमच्या काकांसारखे लोक आमच्याकडं सामान घ्यायला यायचे. सगळं एकदम सांगत नाही, आधी ओळखायचं कसं ते सांगुलोय.

व्हॉल्व्हचं नाव म्हणजे त्याची जन्मपत्रिका. फिलिप्स, मुलार्ड, बीईएल, सगळ्यांची पद्धत एकच. पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे आत लाल होणाऱ्या तारेचं. ई असेल तर ६.३ व्होल्ट. यू असेल तर १०० मिलिअँपिअर, म्हणजे हीटर एकामागून एक माळेत जोडायचे. पी म्हणजे ३०० मिलिअँपिअर, ते बहुतेक टीव्हीतले. डी म्हणजे बॅटरीच्या सेटमधले. जी म्हणजे ५ व्होल्ट, जसा जीझेड ३४.

पुढची अक्षरं काम सांगतात. सी म्हणजे ट्रायोड, तीन भागांचा; सीसी लिहिलं असेल तर एकाच काचेत दोन ट्रायोड. एफ म्हणजे लहान पेंटोड, पाच भागांचा. एल म्हणजे पॉवरचा, स्पीकर हलवणारा. एच रेडिओच्या मिक्सरचा. एम म्हणजे हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा. झेड म्हणजे दोन प्लेटांचा रेक्टिफायर, वाय म्हणजे एका प्लेटचा. त्यामुळं ईसीएल ८२ वाचलं की कळावं: ६.३ व्होल्टचा हीटर, आत एक ट्रायोड आणि एक पॉवर पेंटोड.

आकडा बूड सांगतो. तीसच्या घरात असेल तर आठ पायांचा बॅकेलाइटचा ऑक्टल बेस, जसा ईएल ३४. ऐंशीच्या घरात असेल तर काचेतून थेट निघालेले नऊ पाय. नव्वदच्या घरात असेल तर सात पाय.

अमेरिकन नावं वेगळी पण माल तोच. ईएल ८४ म्हणजे ६बीक्यू५, ईसीसी ८३ म्हणजे १२एएक्स७, ईझेड ८१ म्हणजे ६सीए४, ईएल ३४ म्हणजे ६सीए७. खोक्यावर कधी दोन्ही असतात, कधी एकच.

आता टेबलावर जुनी चादर घाला आणि पहिल्या अक्षरावरून ढीग करा. यू वाल्यांचा ढीग लांब ठेवा. ते अ‍ॅम्प्लिफायरला लागणार नाहीत, पण कुणाच्या तरी रेडिओचा जीव त्यात आहे.

टिळकवाडीकर

काका, मनापासून आभार. केले ढीग. ई चे एकोणचाळीस, यू चे नऊ, पी चे चार. बाकी बिननावाचे आणि ते रशियन. ईएल ८४ सात निघाले, त्यातले पाच बीईएलच्या खोक्यात. ईएल ३४ चार, बहुतेक मंडपाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेले, काच आतून तपकिरी दिसते.

बिननावाच्यांचं काय करायचं?

अनगोळकर

मी फिजिक्स शिकवते आणि वडिलांमुळं या छंदात पडले. बिननावाच्या व्हॉल्व्हसाठी हे करून बघा.

खोलीत अंधार करा. व्हॉल्व्ह उलटा धरून बुडाशी, पाय जिथं काचेतून निघतात त्याच्या जरा वर, तोंडानं हलकी वाफ सोडा आणि टॉर्च तिरका धरा. फिलिप्स घराण्यातल्या कारखान्यांचा माल असेल तर तिथं राखाडी, खरवडल्यासारख्या दोन बारीक ओळी दिसतात. ही छपाई नव्हे, काचेवरची कोरीव खूण आहे, त्यामुळं नाव पुसलं तरी ती राहते. वरच्या ओळीत जातीचा कोड असतो, खालच्या ओळीत कारखाना आणि तारीख. काय दिसतं ते इथं लिहा.

टिळकवाडीकर

अहो दिसलं! चार व्हॉल्व्हवर काहीच नाही, पण एकावर स्पष्ट आहे. वर "आय६१", खाली "बी२ई३". नऊ पाय, आत दोन सारख्या राखाडी प्लेटा शेजारी शेजारी, प्लेटांवर आडव्या घड्या.

अनगोळकर

तो जपून ठेवा. आय६१ म्हणजे ईसीसी ८३. खालच्या ओळीतला बी म्हणजे इंग्लंडमधला मुलार्डचा ब्लॅकबर्न कारखाना. २ हा वर्षाचा शेवटचा आकडा. ई म्हणजे पाचवा महिना, कारण ए ते एल ही बारा अक्षरं बारा महिन्यांसाठी वापरतात. ३ म्हणजे तिसरा आठवडा. वर्षाचा एकच आकडा असल्यामुळं दशक जातीच्या कोडवरून ठरवावं लागतं. आय६१ साठी ते १९६२ येतं. म्हणजे मे १९६२, तिसरा आठवडा.

ईएल ३४ वर एक्सएफ१, एक्सएफ२ अशी अक्षरं शोधा. खालच्या ओळीत बी ऐवजी छोटा त्रिकोण असेल तर तो हॉलंडच्या हेर्लेनचा, डी असेल तर हॅम्बुर्गचा.

संकेश्वरी

मुलार्ड मिळाला म्हणजे लॉटरीच की! व्यापाऱ्याला चाळीस हजार सांगा.

बेंगळूरवासी

मूळचा चिकोडीचा, पंचवीस वर्षं बेंगळूरात. संकेश्वरी, नावाच्या मागं असं लागू नका, मी त्यात हात पोळून घेतलाय. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून टेलिफुंकनचे ईसीसी ८३ घेतले, न वापरलेले जुने म्हणून. खोकी जुनी, अक्षरं पांढरी शुभ्र. घरी आल्यावर बोट लावलं तर अक्षरं पावडरीसारखी हाताला लागली. टेलिफुंकनच्या अशा व्हॉल्व्हच्या बुडाला, पायांच्या मधोमध काचेतच उठवलेला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठसा असतो. या दोघांना तो नव्हता. एक तर सुरुवातीपासून खरखरत होता. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून विकत घेताना चार फोटो मागतो: बूड, डोक्यावरचा चंदेरी भाग, प्लेटांची बाजू आणि कोरीव कोड. द्यायला का-कू केली की सोडून देतो. खोक्याला तर मी काहीच किंमत देत नाही. दुकानदार नवा व्हॉल्व्ह सेटमध्ये घालून जुना त्याच खोक्यात ठेवायचे, सवयीनं. तुमच्या काकांनीही ठेवले असतील, त्यात फसवणूक नव्हती.

आणखी एक. आज बाजारात मुलार्ड, टंग-सोल ही नावं छापलेले नवे व्हॉल्व्ह मिळतात. ते रशियात सारातोव्हला बनतात. माल वाईट नाही, पण त्याचा ब्लॅकबर्नशी काही संबंध नाही. जुन्याच्या भावानं ते घेऊ नका.

टिळकवाडीकर, ते रशियन कोणते आहेत? अक्षरं कशी दिसतात?

टिळकवाडीकर

एकावर ६, मग इंग्रजी एचसारखं अक्षर, २, आणि दरवाजाच्या चौकटीसारखं अक्षर. दुसऱ्यावर ६, चौकट, १४, चौकट.

बेंगळूरवासी

दुसरा ६पी१४पी. तो ईएल ८४ च्या जागी सरळ बसतो, भक्कम व्हॉल्व्ह आहे. पहिला ६एन२पी, आणि त्याच्यापासून सांभाळा. गुण ईसीसी ८३ सारखे, १०० पट वाढ वगैरे, पण हीटरची जोडणी वेगळी. ईसीसी ८३ मध्ये हीटर दोन भागांत असतो: चार आणि पाच नंबरचे पाय ही दोन टोकं, नऊ नंबर मधला. ६.३ व्होल्टवर चालवताना चार-पाच एकत्र जोडतात. ६एन२पी मध्ये हीटर फक्त चार-पाचच्या मध्ये असतो आणि नऊ नंबर आतल्या पडद्याला. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घातला तर पेटणारच नाही. आणि कुठं चार-पाचवर १२.६ व्होल्ट दिलेले असतील तर जळून जाईल. पाय मोजून नऊ आहेत म्हणून बसवला असं करू नका.

जुना मेकॅनिक

बरोबर सांगितलंत. आता तपासणी.

पहिली डोळ्यांची. काचेच्या आत डोक्यावर किंवा बाजूला आरशासारखा डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो बेरियमचा. आत उरलीसुरली हवा तो शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काच कुठंतरी तडकली, हवा आत गेली. तो व्हॉल्व्ह संपला, दुसरा विचार नाही. मग पाय बघा. प्रत्येक पायाच्या मुळाशी काचेला केसासारखी चीर आहे का? पाय वाकला असेल तर सॉकेटमध्ये दाबून सरळ करायला जाऊ नका, पक्कडीनं हळू करा. पायांवर सॉकेटच्या पट्टीच्या ओरखड्यांचे किती पट्टे आहेत त्यावरूनही किती वेळा घातला-काढला ते कळतं. मग कानाशी धरून हलकेच हलवा, आत काही खुळखुळतं का ते ऐका.

दुसरी मीटरची. ईएल ८४ चे चार आणि पाच नंबरचे पाय मोजा. थंड असताना दीड ओहमच्या आसपास दाखवेल. तापल्यावर ६.३ व्होल्ट आणि ०.७६ अँपिअरचा हिशेब सव्वाआठ ओहमचा येतो, पण थंड तार कमीच दाखवते, घाबरू नका. मग हीटर आणि बाकीचा कुठलाही पाय यांच्यात काहीही लागता कामा नये. ईएल ८४ मध्ये दोन नंबर ग्रिड (सिग्नल जिथं येतो ती जाळी), तीन कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा), सात प्लेट (ते गोळा करणारी), नऊ स्क्रीन (दुसरी जाळी).

ही तपासणी पास झाली म्हणजे व्हॉल्व्ह चांगला असं नाही. तार शाबूत आहे एवढंच कळलं. बल्ब पेटतो म्हणून व्हॉल्व्ह चांगला असं समजणारे कितीतरी ग्राहक मी बघितलेत. हीटर लालभडक असतो आणि कॅथोडवरचा लेप संपलेला असतो. पेटणं वेगळं आणि इलेक्ट्रॉन सोडणं वेगळं.

संकेश्वरी

गेटरचा डाग मोठा म्हणजे व्हॉल्व्ह नवा, असं मी ऐकलंय. खरं का?

अनगोळकर

नाही. डाग किती मोठा करायचा हे कारखान्यात ठरायचं, त्यामुळं दोन कंपन्यांच्या नव्या व्हॉल्व्हमध्येही फरक असतो. कडा झिजून तपकिरी-पारदर्शक झाल्या असतील तर बराच चालला असावा इतका अंदाज करता येतो. वय किंवा उरलेलं आयुष्य त्यावरून सांगता येत नाही.

निळ्या उजेडाबद्दलही असाच गोंधळ आहे. काचेच्या आतल्या भिंतीवर निळसर झाक चिकटल्यासारखी दिसते, गाण्याबरोबर हलते, ती निरुपद्रवी. भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळतात म्हणून ती दिसते. जांभळट-गुलाबी धूसर ढग प्लेटच्या आत, कॅथोडभोवती दिसला तर आत वायू आहे. तो व्हॉल्व्ह लगेच बंद करून काढा.

जुना मेकॅनिक

आता खरी तपासणी, आणि ती तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच होईल. त्याआधी हात जोडून सांगतो, आत अडीचशे व्होल्ट डीसी आहे. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहतं. मीटरची काळी वायर चॅसिसला, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याला, मगरपिनेनं आधी लावून ठेवा, लाल वायर एकाच हातानं धरा, दुसरा हात पाठीमागं. पायात चप्पल पाहिजे. आणि पहिल्यांदा सेट सुरू करताना सिरीज बल्ब लावा, म्हणजे लाइन आणि सेटच्या मध्ये एक बल्ब, शंभर वॅटचा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. चमकून मंद झाला तर पुढं जा.

प्रत्येक ईएल ८४ च्या तीन नंबर पायावर कॅथोडचा रेझिस्टन्स असेल, १३० ते १५० ओहमचा. सेट पाच मिनिटं तापू द्या, मग त्याच्यावरचा व्होल्टेज मोजा. व्होल्टला ओहमनं भागलं की करंट. पुस्तकातला आकडा असा: प्लेटवर अडीचशे व्होल्ट असताना ग्रिड कॅथोडपेक्षा ७.३ व्होल्ट खाली, प्लेटचा करंट ४८ मिलिअँपिअर, स्क्रीनचा साडेपाच. म्हणजे रेझिस्टन्सवर सात व्होल्टच्या आसपास हवा. दोन्ही बाजूंचे आकडे घ्या, मग दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करून परत घ्या. चार आकडे इथं लिहा. ट्रंकेतला एकही अजून घालू नका.

टिळकवाडीकर

काल रात्री केलं. रेझिस्टन्स दोन्हीकडं १५० ओहम, बंद करून मोजले.

उजवीकडं ७.१ व्होल्ट. डावीकडं ४.३.

अदलाबदल केल्यावर, डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडं घातला तर ३.१ व्होल्ट. हे समजलं, तो व्हॉल्व्ह दमलाय. पण उजवीकडचा चांगला व्हॉल्व्ह डावीकडं घातला तर १०.४ व्होल्ट, आणि आकडा हळूहळू वर सरकत होता. मी घाबरून बंद केलं.

संकेश्वरी

दमलेला व्हॉल्व्ह बदलला की काम झालं ना? १०.४ म्हणजे जास्त जोरात वाजेल.

जुना मेकॅनिक

बंद केलंत ते फार चांगलं केलंत. १०.४ ला १५० नं भागा: ६९ मिलिअँपिअर. स्क्रीनचे सात-आठ वजा केले तरी प्लेटमधून साठ जातायत. तुमच्याकडं प्लेट आणि कॅथोडमध्ये सव्वादोनशे व्होल्ट धरले तर साडेतेरा वॅट झाले. ईएल ८४ ची प्लेट बारा वॅटची. असाच ठेवला असता तर तासाभरात प्लेट लाल दिसली असती.

दोष दोन आहेत. डावीकडचा व्हॉल्व्ह दमलाय, पण तो आपण होऊन दमलेला नाही. त्याला कुणीतरी मारलंय. ईसीसी ८३ च्या प्लेटपासून ईएल ८४ च्या ग्रिडकडं जाणारा कंडेन्सर बघा. जुना मेणाचा किंवा कागदाचा असेल. तो गळतो, ग्रिडवर थोडे पॉझिटिव्ह व्होल्ट येतात आणि व्हॉल्व्ह रात्रंदिवस क्षमतेबाहेर राबतो.

खात्री अशी करा. डावीकडचा ईएल ८४ काढा. सेट चालू करा. मोकळ्या सॉकेटच्या दोन नंबरवर चॅसिसच्या मानानं किती व्होल्ट लागतात? शून्य आले तर कंडेन्सर चांगला आणि दोष व्हॉल्व्हच्या आतल्या वायूचा. पॉझिटिव्ह काही आलं तर कंडेन्सर गळका.

टिळकवाडीकर

व्हॉल्व्ह काढून दोन नंबरवर +३.६ व्होल्ट. उजवीकडं तसंच केलं तर मीटर शून्यावर.

कंडेन्सर तपकिरी, एका टोकाला मेण वितळून ओघळलंय. त्याच्यावरचा आकडा ०.०२२ मायक्रोफॅरड.

जुना मेकॅनिक

बदला. त्याच आकड्याचा फिल्म कंडेन्सर, ६३० व्होल्टचा. पुढंमागं उजवीकडचाही बदलाच, त्याचं वय तेच आहे. लाइनचा व्होल्टेजही मोजा आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे लाइनचा व्होल्टेज निवडायची जागा, कुठं आहे ते बघा.

बेंगळूरवासी

मेकॅनिककाकांच्या टॅपच्या मुद्द्यासाठी एक हिशेब. टॅप २२० वर असेल आणि रात्री लाइन २४५ ला गेली, तर ६.३ चा हीटर सात व्होल्टवर जातो. दहा टक्क्यांची सूट धरली तर मर्यादा ६.९३. गल्लीतली दुकानं बंद झाली की लाइन वर चढते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि गाणी आपण रात्रीच ऐकतो.

अनगोळकर

कंडेन्सर येईपर्यंत ईसीसी ८३ कडं बघून घ्या. प्लेटचा रेझिस्टन्स १०० किलोओहम, कॅथोडचा दीड किलोओहम आणि पुरवठा अडीचशे असेल तर प्रत्येक ट्रायोडमधून ०.८६ मिलिअँपिअर जायला हवा. म्हणजे कॅथोडवर १.३ व्होल्ट आणि प्लेटवर १६४ च्या आसपास. दोन्ही ट्रायोड एकमेकांच्या जवळ आले की झालं. मग आवाज बारीक ठेवून पेन्सिलीच्या रबरानं काचेवर टकटक करा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात वापरू नका.

ज्यांच्याकडं टेस्टर आहे त्यांनाही एक सांगते. साधे टेस्टर फक्त एमिशन मोजतात, म्हणजे सगळ्या जाळ्या एकत्र बांधून किती करंट निघतो ते. अ‍ॅव्हो कंपनीचे जुने टेस्टर, ते लष्करी पेटीतलं सीटी १६० मॉडेलसुद्धा, ग्रिडचा व्होल्टेज बदलल्यावर करंट किती बदलतो ते मोजतात. ईएल ८४ साठी तो आकडा ११.३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट, ईसीसी ८३ साठी १.६. गाणं म्हणजे ग्रिडवर सतत बदलणारा व्होल्टेज, त्यामुळं उपयोगाचा आकडा हा दुसराच. कुणी "टेस्टरवर हिरव्या पट्टीत आला" एवढंच सांगून जास्त भाव मागत असेल तर कुठला टेस्टर, किती व्होल्टवर आणि आकडा काय, हे विचारा.

टिळकवाडीकर

चार दिवसांनी लिहितोय. कंडेन्सर बेळगावात एका दुकानात मिळाले, दोन्ही बदलले. टॅप २२० वर होता, २४० वर घेतला. रात्री दहा वाजता लाइन २४३, हीटर ६.४.

मग काकांच्या ट्रंकेतले ईएल ८४ एकेक करून डाव्या सॉकेटमध्ये, प्रत्येकी दहा मिनिटं. बीईएलच्या खोक्यातले पाच: ७.०, ७.२, ६.९, ४.८ आणि ७.१. बेंगळूरवासी म्हणाले तसंच, ४.८ वाला नव्या खोक्यात ठेवलेला जुना. त्याच्या पायांवर ओरखडे होते, बाकी चौघांच्या पायांवर जवळजवळ नाहीत. खोक्याबाहेरच्या दोनांपैकी एक ६.८, एकाचा गेटर पांढरा. रशियन ६पी१४पी ६.७.

डावीकडं ७.१ वाला ठेवलाय. दोन तास सलग मन्सूर ऐकले. काकू फोनवर होती, तिला ऐकवलं. ती काही बोलली नाही बराच वेळ, मग म्हणाली, "दुकानात असाच लावायचे."

मे १९६२ चा ईसीसी ८३ पण लावून बघितला. दोन्ही कॅथोडवर १.३ आणि १.२. शांत आहे, टकटक केल्यावरही घुमत नाही. पण खरं सांगतो, अ‍ॅम्प्लिफायरमधल्या आधीच्या बीईएल ईसीसी ८३ पेक्षा मला मोठा फरक कळला नाही.

जुना मेकॅनिक

कळायचा नाही, कारण बीईएलचा व्हॉल्व्ह कमी नव्हताच. भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ ला उभी राहिली आणि १९६१ पासून बेंगळूरात हे व्हॉल्व्ह बनू लागले. आमच्या भागातले कितीतरी सेट त्यांच्यावर चाललेत. परदेशी नाव नाही म्हणून लोक त्यांना ढिगात टाकतात, त्याचं मला वाईट वाटतं. मुलार्ड डबीत ठेवा, बीईएल सेटमध्ये ठेवा.

व्यापाऱ्याचं विचारत होतात. ट्रंक ढिगानं द्यायची नाही. मोजलेला व्हॉल्व्ह, त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून, सुटा विका. मोजलेले तीन ईएल ८४ तुम्ही स्वतःला राखा, ते तुमचे आयुष्यभराचे झाले. तपकिरी ईएल ३४ मंडपात भाजून निघालेत, ते चांगले म्हणून कुणाला देऊ नका. तपासायचेच असतील तर एक नंबरचा पाय आठ नंबरला जोडलेला आहे का ते आधी सॉकेटवर बघा.

बेंगळूरवासी

मी इथं बेंगळूरात एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करून सांगतो सुट्या नगांना काय मिळतं ते. एका ओळखीच्याकडं सीटी १६० आहे, मुलार्ड आणि तीन-चार बीईएल त्यावर मोजून आकडे लिहून देईल. काकूंसाठी असेल तर तो पैसे घेणार नाही.

खानापूरकर

एक विनंती. यू च्या नऊ नगांत यूसीएल ८२ आहे का? माझ्या आज्जांचा सेट चार व्हॉल्व्हचा: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. नावं गेली तरी मागच्या पुठ्ठ्यावर जागांचा नकाशा आहे, त्यामुळं कोण कुठला ते कळलं. वरच्या हिशेबानं चौघांचे चार-पाच नंबर पाय मोजले. तिघांची तार लागते, यूसीएल ८२ ची लागत नाही. म्हणून सगळेच विझलेले, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे.

टिळकवाडीकर

दोन आहेत. दोन्हींची तार लागते, गेटर चंदेरी. एक तुम्हाला. पैसे नकोत. उद्या दुपारच्या खानापूर बसनं पाठवतो, कंडक्टरला सांगून. कापसात आणि पत्र्याच्या डबीत घालतो.

जुना मेकॅनिक

खानापूरकर, थांबा. यू च्या सेटला ट्रान्सफॉर्मर नसतो. लाइनची एक तार थेट चॅसिसला असते. प्लग उलटा बसला तर आख्खा चॅसिस, बटणांचे स्क्रूसुद्धा, २३० व्होल्टवर. लाइन टेस्टरनं आधी चॅसिसला फेज येतोय का बघा, येत असेल तर प्लग फिरवा, आणि तरीही उघड्या सेटला चालू असताना हात लावू नका. बटणाची प्लास्टिकची टोपी निघाली असेल तर ती बसवल्याशिवाय लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. आणि तुमच्याकडं पावसानं सॉकेटच्या पट्ट्या हिरव्या पडल्या असतील, त्या आधी साफ करा.

हीटरचा हिशेबही लिहून ठेवा: १९, १९, ५० आणि ३८, बेरीज १२६ व्होल्ट. उरलेले शंभरएक मोठ्या रेझिस्टन्सवर पडतात. तो तापणारच, त्याच्याजवळ वायर येऊ देऊ नका.

खानापूरकर

डबी पोचली. सॉकेट साफ केले, प्लग फिरवून घेतला, चॅसिसला आता फेज येत नाही. सिरीज बल्ब लावून सुरू केला. चारही पेटले. मिनिटभर काहीच नाही, मग घूं असा आवाज, मग काटा फिरवत ७६५ वर धारवाड लागलं. कन्नडमध्ये बोलणं चाललेलं. घूं अजून आहे, गाण्याच्या मागं ऐकू येते.

जुना मेकॅनिक

फिल्टरचा कंडेन्सर सुकलाय. बदला, पण मोठा घालू नका. जुन्यावर काय लिहिलंय तेवढाच घाला. पहिला कंडेन्सर मोठा झाला की सुरू होताना रेक्टिफायरवर ताण येतो आणि तो जातो. ईझेड ८१ ला सुद्धा ५० मायक्रोफॅरडच्या वर नाही. टिळकवाडीकर, तुमचा किती आहे?

टिळकवाडीकर

आत्ता झाकण काढून बघितलं. ५० आणि ५०, एकाच डब्यात.

जुना मेकॅनिक

ठीक आहे. राहू दे.